सिंहांच्या गुहेतला दानीएल

गुहेत शिरण्याआधी दानीएलने चपला काढून काखेत धरल्या आणि जमिनीवर टाच न टेकवता नुसत्या बोटांवर पाऊल टाकलं. संडे स्कूलची पोरं हसली. गोष्ट पाठ म्हणण्यापेक्षा आपल्या मनाने करून दाखवा, असं सालोमेबाईंनी सांगितलं होतं, आणि आज दानीएल होती सात वर्षांची रिबका. टेबलाखाली तीन पोरं सिंह होऊन गुरगुरत होती.

"अवं, दानीएल असा चोरावानी नाई जात. थो प्रार्थना करते," बाई म्हणाल्या.

"करतो ना, बाई. पण आधी सिंह झोपला का, थे पाहा लागते."

रिबकाने श्वास रोखला. वाजू नयेत म्हणून हातातल्या बांगड्या वर घट्ट चढवल्या.

तिला न्यायला आलेली तिची आई करुणा दारातच थबकली. घरी नवरा झोपला होता. त्याची झोप मोडली की काय होतं, ते या दोघींनाच ठाऊक होतं. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बांगड्या अजून कोपराशीच होत्या.



"बाई, जाम गावाले माह्या भावाले फोन लावून द्या. थो कवापासून बोलावून राह्यला. आम्ही दोघी आता घरी जात नाई."