खिशातला फ्यूज

वायरमनची परीक्षा तोंडावर आली, तसं राधाकाकूंनी प्रज्ञेशला आपणहून बिबवेवाडीच्या घरी बोलावून घेतलं. त्यांच्या नवऱ्याच्या, पोपटकाकांच्या हाताखालीच तो काम शिकला होता. काका शिडीवर शॉक लागून गेले, तेव्हा खाली तो आणि ठेकेदार असे दोघंच होते. परवा त्याच ठेकेदाराने त्याच्या शिकाऊपणाच्या दाखल्यावर जराही कुरकुर न करता सही दिली होती.

काकूंनी गाइड उघडलं. "कामाला हात घालण्याआधी फ्यूजचं काय करायचं?"

"काढून आपल्याच खिशात ठेवायचा. म्हणजे मागून कुणी लावू शकत नाही."

"आणि कुणी त्या जागी तारेचा तुकडा अडकवला तर?"

"काकू, असला प्रश्न परीक्षेत नसतो," प्रज्ञेश घाईघाईने म्हणाला.

"बरं, असतो तो विचारते. अपघाताचं मुख्य कारण कोणतं?"

"कामगाराचा निष्काळजीपणा," तो खालमानेनं म्हणाला.

काकू उठल्या. हॉस्पिटलने परत दिलेल्या काकांच्या शर्टाच्या खिशातून फ्यूज काढून त्यांनी त्याच्यासमोर ठेवला.

"पाठांतर चांगलं आहे रे तुझं. पोलिसांनाही अगदी हेच सांगितलंस."