लाल पट्ट्यांमधले चार मीटर

किर्गिझस्तानातल्या नारीन शहरातल्या एका दवाखान्यात चाल मोजायला बुरुल नर्सने दोन लाल पट्ट्यांमध्ये चार मीटर आखले होते. सागिनबाय आजोबा वेगात चालले, तरच डॉक्टर त्यांना उन्हाळ्यात कुरणावर जाऊ देणार होते.

तिसऱ्यांदाही ते मध्येच रेंगाळले.

"आजोबा, झपझप चाला की! मेंढरांमागे असेच चालता?" बुरुल खेकसली.

"माझ्यावर कशाला डाफरतेस? त्यांना सांग! वडीलधाऱ्याला ओलांडून जाऊ होय?"

"तुमच्याहून वडीलधारा? नव्वदीला टेकलात! समोर कुणीसुद्धा नाहीये!"

"मग तूच चालून दाखव!"

घड्याळ त्यांच्या हातात कोंबून बुरुल तरातरा निघाली. तिसऱ्या पावलाला तिचा पाय आपोआप आखडला, मान अदबीने खाली गेली.

आणि हातभर पुढे कुणीतरी फार म्हातारं खाकरलं.