नऊ जणांचा कारखाना

आप्पांच्या उजव्या अंगठ्यावर रेषा उरल्या नव्हत्या. चाळीस वर्षं पुठ्ठ्याच्या घड्या दाबून त्या पार झिजल्या होत्या. नव्या नियमानुसार करसवलत नऊ कामगारांपर्यंतच्या कारखान्यांनाच मिळणार होती, आणि ती गेली तर मोठ्या कारखान्यांच्या भावापुढे टिकणं कठीण होतं. लेकीच्या खोक्यांच्या कारखान्यात नऊ जण होते, दहावे आप्पा. त्यांना घरी बसा म्हणावं कसं, या विचाराने महिनाभर तिच्या जिवाला चैन नव्हतं.

तपासणीच्या सकाळी ती एवढंच म्हणाली, "आप्पा, आज पाहुण्यासारखे बसा. कशाला हात लावू नका."

"हात काय घरी ठेवून येऊ?" म्हणत आप्पा खुर्चीवर बसले.

तपासनिसाने माणसं मोजली, 'नऊ' म्हणाला आणि सहज एक खोकं उचललं. त्याची कड सुटली होती. आप्पांनी ते त्याच्या हातून काढून घेतलं, डिंक लावला आणि कड दाबून धरली.

"पाहुणे भलतेच कामसू दिसतात!" तपासनीस म्हणाला.

आप्पा चपापले. हातातलं खोकं कुठे ठेवावं, त्यांना कळेना.



"पाहुणे नाहीत ते, साहेब," ती म्हणाली. "दहा लिहा."