कावेरीकाठची पेरणी

"इतिहास ग्रंथांत नसतो, राजेश्वरी! तो भूमीच्या पोटात असतो, आणि ज्याला कान आहेत त्यालाच हाक मारतो!"

कानांवर हेडफोन चढवून जानकीरामरावांनी कावेरीच्या काठावर ही घोषणा केली. इतिहासानं लगेच हाक मारली. हातातला मेटल डिटेक्टर किंचाळला. राव गुडघ्यांवर हात ठेवत कसेबसे खाली बसले, खुरप्यानं वाळू उकरली, आणि सोड्याच्या बाटलीचं एक बूच वर आलं.

"कोणत्या राजाचं?" घाटाच्या पायरीवरून राजेश्वरीबाईंनी विचारलं.

"गंजलंय. नक्की सांगता येत नाही," असं गंभीरपणे म्हणून रावांनी बूच खिशात टाकलं.

एरवी बाईंना हसू आलं असतं. आज त्यांचा डोळा पलीकडच्या करंजावरून हलत नव्हता. धरणाचं पाणी रात्रीतून आलं होतं आणि काठ काल होता तिथं आज नव्हता. करंजाच्या निम्म्या मुळ्या हवेत लोंबत होत्या. त्याच मुळ्यांशी परवा दुपारी बाईंनी स्वतःच्या हातानं आपल्या आईची चुन्याची डबी पुरली होती.

वीज मंडळानं रावांना निवृत्त केलं. भोगत होत्या बाई. काठावरून रिकाम्या हातानं परतले की राव घर सुधारायला घेत. एकदा त्यांनी मसाल्याचे डबे तमिळ अक्षरांच्या क्रमानं लावले आणि घरात आठवडाभर जिरं सापडलं नाही. तेव्हापासून राव दुपारचे घोरू लागले की बाई काठावर येऊन घरातलंच काहीबाही पुरून जात. कधी वाकडी पळी, कधी दाराची जुनी कडी, कधी देवघरातली मुकी घंटा. सकाळी राव ते मिरवत घरी आणत आणि त्याचा उपयोग काय करावा यात दिवसभर गुंतून राहत. त्या कामात ते मोठे हुशार. पळी त्यांनी चिंचेनं घासून तुपाच्या भांड्यात ठेवली. कडी न्हाणीघराच्या दाराला अशी लावली की नवं भोकसुद्धा पाडावं लागलं नाही. बाईंना कौतुक वाटे.

परवा घरात पुरण्याजोगं पितळ दुसरं उरलंच नव्हतं. एका रात्रीचा तर प्रश्न, म्हणून बाईंनी डबी नेली. आणि काल नेमकं साक्कोट्टैला मुंजीला जावं लागलं. संध्याकाळी दोघं परतले तर ऑटोवर भोंगा लावून लोक सांगत फिरत होते, पाणी सोडलंय, काठावर जाऊ नका. राव कॉफीपूड आणतो म्हणून बाहेर पडले ते अंधार पडल्यावर आले, आणि पूड विसरून आले. बाईंच्या डोळ्याला रात्रभर डोळा नाही. सकाळी रावांच्या मागोमाग त्याही चपला घालून निघाल्या.

"अहो, त्या झाडाकडे बघा की जरा."

"शास्त्र आहे, राजेश्वरी. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं. मध्येच उडी मारता येत नाही."

पायरीवर फुलं ओवत बसलेल्या अलमेलूला राहवलं नाही. "मामी, मामा रोज नांगरतात. पेरतं कोण?"

बाईंनी तिला दटावलं. "तू तुझी फुलं वीक, गप!"

तेवढ्यात करंजाखालचा मातीचं एक ढेकूळ धप्पकन पाण्यात गेलं. बाई उठल्या. पदर खोचला आणि तरातरा झाडाकडे निघाल्या.

"कोठे चाललीस?"

मुळ्यांशी बसून बाई दोन्ही हातांनी माती उकरू लागल्या. खाली पाणी गढूळ, फुगलेलं.

"राजी! मागं ये!"

"नाही येणार! मीच पुरलं होतं!" बाई मान वर न करता ओरडल्या. "सगळं मीच! पळी मीच, कडी मीच, घंटा मीच! तुमचा इतिहास सगळा माझ्या स्वयंपाकघरातला! आधी मज आईची डबी काढून द्या, मग हवं ते बोला!"

घाटावर अलमेलूची सुई थांबली.

रावांनी हेडफोन काढले. यंत्र वाळूत टेकवलं, जवळ आले, आणि बाईंना दंडाला धरून आधी कोरड्या जमिनीवर आणलं. मग खिशात हात घातला. पहिल्यांदा बूच आलं. ते त्यांनी परत ठेवलं. दुसऱ्यांदा डबी आली.

"काल कॉफीपूड आणायला गेलो होतो ना," ते म्हणाले. "रात्री गुपचूप फळीवर ठेवणार होतो. तू झोपशील तर!"

बाईंनी मातीच्या हातांनी झाकण उघडलं. आतल्या वाळलेल्या चुन्यावर आईच्या बोटाचा खळगा तसाच होता. त्यांनी झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं.

"म्हणजे तुम्हांस ठाऊक होतं?"

"ती पळी माझ्याच हातून वाकली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू पुरायचं थांबली असतीस."

रावांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवले, यंत्र उचललं आणि पूर्वेकडे तोंड केलं. दोन पावलं जाऊन थांबले. अलमेलूला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"फक्त एवढं खोल पुरू नकोस. गुडघे धरतात."