‘आम्ही’ खोडून

वेगवेगळ्या लोकांनी एकत्र बसून आपापलं काम करायची को-वर्किंगची जागा उघडायच्या वर्षभर आधीपासून ती आणि तिचा दादा नाव नोंदवलेल्या मंडळींना दर सोमवारी ईमेल पाठवत; खाली त्याची सही नुसती ‘दादा’ अशी. ती लिहायची, “आम्ही भिंती रंगवल्या.” दादा ‘आम्ही’ खोडून ‘आपण’ करायचा. “अगं, ‘आम्ही’त दोघंच मावतात, खुर्च्या चाळीस आहेत!” गेल्या मंगळवारी दादा झोपेतच गेला. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. सोमवार आला तशी बोटं सवयीनं चालली: “आम्ही उद्या दार उघडतोय.” कुठलं ‘आम्ही’? मग तिनंच खोडून ‘आपण’ केलं. दादाबद्दल मात्र काहीच लिहिलं नाही. सकाळी दाराशी कधी न पाहिलेली माणसं उभी होती, हातात आपापले कप. “आपले दादा दिसत नाहीत?” एका बाईनं हसत विचारलं. किल्ली कुलपातच थांबली. तिचा आवाज तिलाच लांबून ऐकू आला, “आपले दादा गेले.”