पुढची ओळ

न्यायाधीश ल्युशियस टॉलिव्हर यांनी ती ओळ तिसऱ्यांदा म्हटली, तेव्हा समोरच्या एकशे बारा माणसांनीही ती तिसऱ्यांदा म्हटली.

"ही जबाबदारी मी स्वखुशीने पत्करतो."

उजवे हात वर होते. अमेरिकेचे नागरिक व्हायला आलेली माणसं ती. न्यायाधीश म्हणतील ते मागून म्हणायचं, एवढं त्यांना सांगून ठेवलेलं. दहादा म्हणायला लावली असती तरी म्हटली असती. कोर्टाच्या कारकून बाई स्वतःच्या बुटांकडे बघत होत्या, दोन तरुण वकील छताकडे. न्यायाधीशांनी कागदावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

पहिल्या रांगेत जांभळी टोपी घालून त्यांची थोरली बहीण बसली होती. ओझेला. वय एक्याण्णव, शाळा पाचवीपर्यंत, पुढची हयात लोकांच्या कपड्यांना इस्त्री करण्यात. चौतीस वर्षांत तिनं भावाचा एकही शपथविधी चुकवला नव्हता, त्यामुळे पुढची ओळ तिला पाठ होती. ती उठून उभी राहिली आणि चर्चमध्ये आमेन म्हणावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा, यात मला साहाय्य कर."

एकशे बारा माणसं तिच्यामागून म्हणाली. मग टाळ्या झाल्या, छोटे छोटे झेंडे हलले, कुणाचं तरी तान्हं दचकून रडलं. शपथ पार पडली.

मागच्या खोलीत आल्यावर काळा झगा खुंटीला लागला आणि न्यायाधीशाचा नुसता ल्यूस झाला. त्यानं कितीदा झालं ते विचारलं. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, तीनदा. कुणी हसलं का, म्हणाला. हसायची कुणाची छाती आहे, ती म्हणाली, तीच तर पंचाईत आहे. मग तिलाच शंका आली.

"का रे, माझं ते मध्येच बोलणं कायद्यात बसतं का?"

"सगळ्या ओळी झाल्या, अक्का. एक जरा जास्तच झाली."

दोघं पोट धरून हसले. हसू ओसरलं तशी ओझेलानं पर्स उघडली.

आत एक पाकीट होतं. नऊ वर्षं आणि तीन पर्सा फिरलेलं, कडा मऊ पडलेलं. ल्यूसची न्यायाधीशाची नेमणूकच अशी, की एकदा खुर्चीवर बसवलं की मरेपर्यंत. बसवणाऱ्या राष्ट्राध्यक्षालाही नुसतं मनात आलं म्हणून उठवता येत नाही. शेजारच्या कोर्टात एक म्हातारा न्यायाधीश बसल्या जागी घोरायला लागला होता आणि वकील खोकून खोकून त्याला जागं करायचे. स्पष्ट मात्र कुणी बोललं नाही. ते बघून ल्यूसनं राष्ट्राध्यक्षांच्या नावे राजीनाम्याची दोन वाक्यं लिहिली, सही केली, तारखेची जागा कोरी सोडली आणि कागद बहिणीच्या हातात दिला. बाकीचे सगळे मला होय साहेब म्हणतात, म्हणाला होता, वेळ आली की तारीख तू घाल.

आता तिनं कागद टेबलावर सपाट केला आणि त्याचं पेन घेतलं.

"तारीख काय आज?"

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता सांगितली, वारासकट. बरोबर होती.

ओझेलाचा हात थबकला. सकाळी यानंच दारापर्यंत धरून आणलं होतं, गुडघ्याचं विचारलं होतं, डॉक्टरचं नावसुद्धा अचूक घेतलं होतं. एका ओळीवर अडखळला म्हणून काय झालं? आणि तिचंही काही जाणार होतंच. रविवारी चर्चमध्ये 'जजसाहेबांची बहीण' म्हणून बायका सरकून जागा द्यायच्या. नुसत्या म्हातारीला कोण सरकतंय? तिनं पेन खाली ठेवलं. वर्षभर बघू, म्हणाली.

ल्यूसनं पेन उचलून पुन्हा तिच्या बोटांत दिलं.

"बरोबर सांगता येतंय तोवरच घाल, अक्का. नंतर घातलीस तर ती माझी राहणार नाही."

तिनं घातली. आकडे मोठे, थोडे वाकडे, पण कुणालाही वाचता येतील असे. शाई वाळेपर्यंत त्यानं फुंकर मारली, लहानपणी गरम लापशीवर मारायचा तशी. मग म्हणाला, घरी तुझा तो भट्टीतला गोड पीचचा कॉबलर आहे का? आहे, ती म्हणाली, पण आधी टपाल.

दोघं पुढच्या दारानं बाहेर पडले. चौतीस वर्षं तो मागच्या दारानं जात होता. पायऱ्यांवर नवे नागरिक झेंडे घेऊन फोटो काढत होते. एका घोळक्यातल्या बाईनं त्याच्यापुढे फोन धरला. झगा नव्हता, तिला ओळख पटली नाही. आजोबा, आमचा सगळ्यांचा एक काढता का, म्हणाली.

ओझेला तिरमिरीत काही बोलणार होती. पण भावाचा चेहरा खुललेला दिसला. कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपाशी गेली, पाकीट आत सोडलं, झाकण उघडून एकदा खात्री करून घेतली आणि सावकाश परत आली.

तोवर त्याच्यापुढे रांग लागली होती. उंच माणसांना मागं सारून आणि पोरांना पुढं ओढून त्यानं एक फोटो काढला, फोन परत केला आणि डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून उन्हात बघितलं.

"हं, पुढचे कोण?"