उतरणीवरचे ठसे

बूट दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. सकाळी घरामागच्या टेकडीवर एकटाच लांब फिरायला जातो, तेव्हाही नजर जमिनीवरच. बायको म्हणते, डोंगर बघायला जाता आणि चिखल बघून येता.

आज उतरताना ओल्या मातीत माझेच ठसे दिसले. डाव्या टाचेवरचं तिरकं ठिगळ मीच मारलेलं. काल-परवाचे, आजचे, सगळे ठसे वर जाणारे होते. उतरणारा एकही नव्हता. आणि मी तर रोज याच वाटेने घरी येतो.

मुद्दाम पाय दाबत चार पावलं उतरलो आणि वळून पाहिलं. चारही ताज्या ठशांचे चवडे माथ्याकडे होते.

खाली घराचं मागचं दार दिसत होतं. मी भराभर उतरू लागलो. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, चहा गार होतोय. कुठवर आलात?”

“हा काय, पोचलोच. जरा मागच्या दारात ये.”

ती दारात आली. मी हात हलवला आणि तिच्याकडे धावत सुटलो.

“दिसलात,” ती म्हणाली. “पण परत वर कुठे निघालात? अहो, पळताय कशाला?”